एका प्रवासाचा बेत

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, की पुण्यातील त्या घरात पुढच्या सहलीची बोलणी सुरू होत. बोलण्यांची रीतही ठरून गेलेली होती. रात्रीची जेवणे आटोपली, की बाबा जमिनीवर नकाशा पसरीत. थोरली एक कोरी वही घेऊन चिटणीस होई. धाकटा नकाशाच्या कडेला पालथा पडून, जेथे किल्ल्याची खूण दिसेल तेथे बोट ठेवी. "अंथरूण पाहून पाय पसरा, म्हणजे झालं!" असे आई आरंभीच बजावून ठेवी. आजी तेवढ्या वेळात भिंतीला टेकून वाती वळीत बसे. सहल कोठेही ठरली, तरी आजी "मला कशाला?" असे म्हणणार आणि शेवटी सर्वांच्या आधी तयार होणार, हेही ठरलेलेच होते.

त्या वर्षी मात्र बाबांनी पसरलेला नकाशा निराळा होता. त्यावर सह्याद्री नव्हता, की कृष्णा-कोयना नव्हत्या. निळ्या समुद्रात पाय सोडून बसलेला, बुटाच्या आकाराचा एक देश त्यावर होता.

"इटली!" थोरलीने मोठ्याने वाचले.

वाती वळणारी आजीची बोटे क्षणभर थांबली.

इटलीचे नाव त्या घराला अगदीच अपरिचित नव्हते. दिवाळीच्या साफसफाईत आजीची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली उतरली होती. तिच्यात, जरीच्या जुन्या खणाखाली, सहा टोकांची एक पितळी चांदणी निघाली. तिला अडकविलेली फीत विटून गेली होती; तरी तीवरील तांबडे, पांढरे आणि हिरवे पट्टे ओळखू येत होते. इटलीच्या रणभूमीवर लढलेल्या सैनिकांना दुसऱ्या महायुद्धानंतर मिळालेले ते पदक होते. ते आजीच्या वडिलांचे, म्हणजे मुलांच्या पणजोबांचे. सातारा जिल्ह्यातील एका लहानशा गावातून ते मराठा पलटणीत भरती झाले. १९४३ साली ते बोटीत चढले, तेव्हा आजी चार महिन्यांची होती. ते परत आले नाहीत. घरात त्यांची छबी नव्हती, पत्र नव्हते. होती ती एवढी एक चांदणी.

ती चांदणी हाती आल्यापासून बाबा स्वस्थ बसले नव्हते. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या समाध्या आणि स्मारके सांभाळणारा एक आयोग १९१७ सालापासून काम करीत आहे. आज त्याला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणतात. त्याच्या नोंदी आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात. त्या नोंदींत बाबा रात्र रात्र शोध घेत राहिले. इंग्रज कारकुनांनी मराठी नावांची पार मोडतोड केलेली होती. आडनाव एका तऱ्हेने लिहिलेले, तर गावाचे नाव भलत्याच तऱ्हेने. अखेर एका रात्री सगळे धागे जुळले. पलटण जुळली, जिल्हा जुळला आणि गावाचे नाव वेडेवाकडे का होईना, पण जुळले.

बाबांनी तो कागद आजीला वाचून दाखविला. शिपायाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, मृत्यूचा दिवस १० एप्रिल १९४५. स्मारक, इटलीतील फोर्ली या गावचे. आणि शेवटी, 'अमक्या बाईचा पती' असे म्हणून त्याच्या बायकोचे नाव.

ते नाव ऐकताच आजीने कागद हातात मागून घेतला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हते. तरी तिने त्या ओळीवरून हलकेच बोट फिरविले. "माझ्या आईचं नाव?" ती म्हणाली, "तालुक्याच्या गावापलीकडे ती कधी गेली नाही. तिचं नाव तिथवर कोणी नेलं?"

त्याच रात्री बाबांनी मनाशी बेत केला होता. नकाशा पसरला तो त्याचाच.

बेत करणे सोपे असते. तो जमाखर्चात बसविणे कठीण. आईने वही आपल्याकडे ओढून घेतली आणि आकडे मांडले. विमानाचे भाडे, आगगाडीचे भाडे, राहणे, जेवण, पारपत्रे, प्रवेशपरवाने. गेली दोन वर्षे सहल झाली नव्हती. तो पैसा शिल्लक होता. नवी गाडी घ्यावयाची होती, ती आणखी काही वर्षे न घेता चालणार होते. एवढे करूनही दहा दिवसांहून अधिक मुक्काम परवडत नव्हता. तेव्हा दहा दिवसांत काय पाहावयाचे आणि काय सोडावयाचे, हा खरा प्रश्न होता.

धाकट्याची यादी तयारच होती. "रणगाडे, तोफा, खंदक आणि बाँबचे खड्डे," त्याने एका दमात सांगितले.

"आणि माणसं?" थोरलीने विचारले.

"माणसं तर लढाईत असतातच की!" तो म्हणाला.

बाबा हसले नाहीत. त्यांनी लाल पेन्सिलीने नकाशावर तीन ठिपके दिले आणि म्हणाले, "प्रत्येक ठिकाणी काय घडलं, ते आधी समजून घेऊ. ठिकाण समजल्याशिवाय तिथं गेलं, तर नुसता दगड दिसतो."

पहिला ठिपका रोमच्या दक्षिणेस सुमारे १३० किलोमीटरवर, कासिनो या गावी पडला. गावाच्या डोक्यावर एक डोंगर आहे आणि डोंगरावर ख्रिस्ती संन्याशांचा एक मठ. संत बेनेडिक्ट यांनी तो सहाव्या शतकात स्थापिला. १९४४ साली जर्मन सैन्याने या डोंगरांच्या आधाराने रोमची वाट अडवून धरली होती. डोंगरावरून खालचे सारे खोरे तळहातासारखे दिसे. त्यामुळे खालून येणाऱ्या सैन्याला लपावयास जागाच उरत नसे. त्या वर्षीच्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत तेथे एकामागून एक चार लढाया झाल्या. १५ फेब्रुवारी रोजी दोस्तांच्या विमानांनी मठावर बाँब टाकले आणि शतकानुशतके उभी असलेली ती इमारत एका दिवसात ढिगारा झाली. आत आश्रयाला आलेली गावकरी मंडळीही त्यात मेली. तरीही वाट मोकळी झाली नाही. कारण पडलेल्या भिंतींच्या आडोशाने जर्मन सैनिक अधिकच चिवटपणे लढू लागले. भारताच्या चौथ्या डिव्हिजनच्या जवानांनी त्या खडकाळ उतारांवर पराकाष्ठा केली. अखेर १८ मे रोजी पोलंडच्या सैनिकांनी त्या ढिगाऱ्यावर निशाण लावले.

"मग मठ आता नाही?" धाकट्याने निराश होऊन विचारले.

"आहे. लोकांनी तो पूर्वी होता तसाच पुन्हा बांधून काढला," बाबा म्हणाले. "डोंगरावर पोलंडच्या सैनिकांची दफनभूमी आहे. खाली राष्ट्रकुलातील सैनिकांची आहे. तिथं चार हजारांहून अधिक समाध्या आहेत. आणि जवळच एका टेकडीवर जर्मन सैनिकांची आहे. तिथं सुमारे वीस हजार जण झोपले आहेत."

"जर्मनांचीसुद्धा पाहायची?"

थोरलीने बाबांकडे पाहिले. बाबांनी आईकडे पाहिले. "लिही," आई म्हणाली. "त्यांनाही आया होत्या."

दुसरा ठिपका इटलीच्या मधल्या भागात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडला. त्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे हे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. वय अवघे बावीस वर्षांचे. तुकडीतील इतर सर्व जण मेले किंवा जायबंदी झाले. घाडगे एकटे पुढे धावले. हातबाँब फेकून त्यांनी ती मशीनगन आणि ती चालविणारा निकामी केला. आणखी एकाला गोळी घातली. बंदुकीत नव्या गोळ्या भरण्यास वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांशी ते बंदुकीचा दस्ता उलटा धरून भिडले. मोर्चा जिंकला, परंतु दूर दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांच्या देहाचा ठावठिकाणा पुढे राहिला नाही. म्हणून ज्यांची समाधी ज्ञात नाही, अशा चार हजारांवर सैनिकांबरोबर त्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. त्या खोऱ्यातील मोन्तोने गावच्या लोकांनी २०२३ साली त्यांचे स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत.

"पुतळा का नाही उभारला?" धाकट्याने विचारले.

"पुतळा त्यांच्या माणगावात आहे," बाबा म्हणाले. "तिथल्या लोकांनी घड्याळ बांधलं. सूर्य इथून मावळताना तिथं अजून दुपार असते. पण सूर्य तोच."

तिसरा ठिपका देताना बाबांचा हात जरा सावकाश फिरला. इटलीच्या उत्तरेस सेनिओ नावाची नदी आहे. नदी तशी मोठी नाही. परंतु पुराचे पाणी शेतांत शिरू नये, म्हणून तिच्या दोन्ही तीरांना मातीचे उंच बांध घातलेले आहेत. त्या बांधांच्या पोटात जर्मन सैन्याने मोर्चे खणले होते आणि पुढची जमीन सुरुंगांनी पेरून ठेवली होती. ९ एप्रिल १९४५ रोजी भारताच्या आठव्या डिव्हिजनने या नदीवर चढाई केली. पणजोबांची पलटण तीत होती.

त्याच पलटणीत अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव होते. (त्या जिल्ह्यास आता अहिल्यानगर म्हणतात.) निरोप पोहोचविणे हे त्यांचे काम. नदी ओलांडताना बरोबरीच्या जवानांपैकी बहुतेक सारे मारले गेले किंवा घायाळ झाले. जाधवांनी एका जखमी सोबत्याला उचलून, खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडच्या सुरक्षित जागी आणले. मग ते परत गेले आणि दुसऱ्याला आणले. त्यानंतर ते तिसऱ्यांदा गेले. या वेळी एकट्याने मशीनगनांचे मोर्चे बंद करण्यासाठी. हाताला गोळी लागून बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून ते हातबाँब फेकू लागले. तीन मोर्चे थंड पडल्यावर ते बांधाच्या माथ्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची गर्जना करीत त्यांनी मागच्या सोबत्यांना पुढे बोलाविले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जिवंत परत आले आणि १९८४ सालापर्यंत जगले. त्याच दिवशी, त्याच नदीवर, सरहद्द प्रांताच्या पलटणीतील अली हैदर या शिपायाने तोच मान मिळविला. पुढे देश विभागला, तेव्हा अली हैदरांचे गाव पाकिस्तानात गेले. सेनिओच्या बांधावर मात्र ते दोघे एकाच फौजेचे होते.

"आणि आमचे पणजोबा?" धाकट्याने हळूच विचारले. तोफांची यादी तो विसरला होता.

"त्यांनी काय केलं, ते कुठंही लिहिलेलं नाही," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवसाची तारीख तेवढी लिहिलेली आहे. त्यांना तिथंच अग्नी दिला. फोर्लीला भारतीय फौजेची दफनभूमी आहे. आणि ज्यांना अग्नी दिला, अशा शेकडो जवानांची नावं तिथल्याच स्मारकावर कोरली आहेत."

थोरलीने वहीत तारखा मांडल्या आणि ती बोटे मोजू लागली. "इटलीतली लढाई २ मे १९४५ ला थांबली. म्हणजे बाबा, अवघे बावीस दिवस राहिले होते!"

कोणी काही बोलले नाही. जरा वेळाने धाकट्याने विचारले, "पण बाबा, ती लढाई आपली होती का?"

या प्रश्नाचे उत्तर सोपे नव्हते आणि बाबांनी ते सोपे करून सांगितले नाही. १९३९ साली इंग्रज व्हाइसरॉयने भारतीय नेत्यांना न विचारताच भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले होते. तरी युद्ध संपेपर्यंत भारतीय फौजेतील माणसांची संख्या पंचवीस लाखांच्या आसपास गेली. त्यांतील पन्नास हजारांवर जवान इटलीत लढले आणि पाच हजार सातशेहून अधिक तेथेच राहिले. कोणी घराण्याच्या रीतीने भरती झाले, तर कोणी एका पिकावर घर चालेना म्हणून. दरमहा येणाऱ्या मनीऑर्डरीवर घरेच्या घरे जगत. ज्या देशासाठी ते लढले, तो देश तेव्हा स्वतः स्वतंत्र नव्हता. पण ज्या सत्तेविरुद्ध ते लढले, ती जिंकली असती तर जगावर मोठा अनर्थ कोसळला असता, हेही तितकेच खरे होते.

"दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत," बाबा म्हणाले. "त्यांपैकी एकच लक्षात ठेवणं बरं नव्हे."

बेत असा पुरा होत आला. मुक्काम ठरले, आगगाड्या ठरल्या. १० एप्रिल रोजी फोर्लीस पोहोचावयाचे, असे वहीत लिहून झाले. तेव्हा आजीने वातींचे ताट बाजूस ठेवले आणि ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही सगळे जाऊन या. मी येणार नाही."

हे नेहमीचे "मला कशाला?" नव्हते, हे सर्वांना तत्काळ कळले.

"आई, गुडघ्यांची काळजी करू नकोस, चाकांची खुर्ची मिळते," बाबा म्हणाले.

"गुडघ्यांचं नव्हे रे."

"आणि खाण्याचं म्हणाल, तर मी सगळं बरोबर घेणार आहे, आई," सूनबाई म्हणाल्या.

आजीने मान हलविली. मग तिने आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. तार आली, तेव्हा गावातील शहाण्या माणसांनी ती तिच्या आईला वाचून दाखविली. पण आईने ती मानली नाही. कोणी त्यांचा देह पाहिला नव्हता, कोणी अस्थी आणल्या नव्हत्या. "कागदाला काय कळतं?" असे ती म्हणे. त्या दिवसापासून तिने रात्री घराच्या दाराला आतून कधी कडी घातली नाही. माणूस अपरात्री आला, तर त्याला दार वाजवावे लागू नये! पावसाळ्यात वाऱ्याने दार उघडे, पाणी आत येई. ती उठून दार लोटी, पण कडी घालीत नसे. ती गेली, तोपर्यंत तसेच चालले.

"तिनं जन्मभर दार उघडं ठेवलं," आजी म्हणाली. "मी तिथं जाऊन, दगडावर त्यांचं नाव पाहून, ते दार कसं लावू?"

त्या रात्री नकाशा लवकर गुंडाळला गेला.

बाबांनी आग्रह केला नाही. पुढच्या रविवारी ते म्हणाले, "इटलीचं राहू दे. खडकीला युद्धात पडलेल्यांची दफनभूमी आहे. मुलांनी ती पाहिलेली नाही. आई, चलतेस? तासाभरात परत येऊ." आजीला नाही म्हणावयास कारण सापडले नाही.

खडकीची दफनभूमी मुळा नदीजवळ आहे. पश्चिम व मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या ज्या सैनिकांच्या समाध्यांची कायमची निगा राखणे शक्य नव्हते, त्या येथे एकत्र आणण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेंहून अधिक जण येथे आहेत. पहिल्या महायुद्धात या देशात मरण पावलेल्या, दूर दूरच्या समाध्यांतील सैनिकांची नावेही येथील स्मारकावर आहेत. आत शिरताच रस्त्याचा गलबला मागे राहिला. समोर कातरलेले हिरवे गवत होते आणि त्यात एकाच आकाराचे दगड ओळीने उभे होते. अधिकाऱ्याचा दगड मोठा आणि शिपायाचा लहान, असा भेद कोठे नव्हता.

"दर्जा, वंश किंवा धर्म यांवरून भेद करायचा नाही, असं त्या आयोगाचं तत्त्व आहे," बाबांनी सांगितले.

"ते सगळीकडे पाळलं का?" आईने विचारले.

"नाही. पहिल्या महायुद्धानंतर आशिया-आफ्रिकेतल्या हजारो सैनिकांची नावं कोरायची राहिली. २०२१ साली आयोगानं स्वतःच ती चूक कबूल केली आणि क्षमा मागितली."

धाकटा ओळींतून फिरत होता. प्रथम तो दगडांवर कोरलेली पलटणींची चिन्हे मोठ्याने ओळखत होता. नंतर त्याला वये वाचावयाचा नाद लागला. "एकवीस... तेवीस... एकोणीस!" येथे तो थांबला. त्याचा मावसभाऊ एकोणीस वर्षांचा होता आणि अजून त्याला दाढी नीट आलेली नव्हती.

आजी एका ओळीच्या टोकाशी उभी होती. तेथे एक माळी बसून, दगडाच्या कडेचे गवत कातरीने कापीत होता. यंत्र दगडाला लागेल, म्हणून तेवढे काम तो हातानेच करीत होता. आजीने त्याला विचारले, "दादा, यांची माणसं येतात का?"

"क्वचित, आजी," माळी म्हणाला. "फार लांबचे आहेत हे. कोणी म्हातारी बाई येते, कोणी नातू येतो. पुष्कळांचं तर कोणीच आलेलं नाही."

"मग तुम्ही हे रोज कोणासाठी करता?"

माळ्याने कातर खाली ठेवली. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. थोडा विचार करून तो म्हणाला, "कोणी आलंच, तर त्यांना वाटायला नको, की आपल्या माणसाला इथं कोणी विचारलं नाही."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या दगडावर पाखरांची घाण पडली होती. ती खाली वाकली. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण तिने ऐकले नाही. पदराच्या टोकाने तिने तो दगड पुसला, अक्षरांच्या खाचांतील धूळ काढली आणि मग थोरलीला विचारले, "काय नाव आहे गं याचं?"

थोरलीने नाव वाचले. ते आजीला नीट उच्चारता आले नाही; तरी तिने ते दोनदा म्हणून पाहिले.

"तिथं, त्या गावीही असं कोणी असेल?" तिने बाबांना विचारले.

"असणारच, आई. तोच आयोग आहे, तेच काम आहे."

"म्हणजे ऐंशी वर्षं कोणी परका माणूस माझ्या वडिलांचं नाव स्वच्छ ठेवतो आहे," आजी म्हणाली, "आणि त्याच्या मनात येत असेल, की यांचं कोणीच आलं नाही."

परत येताना गाडीत ती खिडकीतून बाहेर पाहत होती. संगम पूल मागे पडल्यावर ती एकदम म्हणाली, "अरे, दार लावायला नव्हे जायचं. ते आले नाहीत, तर आपण जावं. आईनं दार उघडं ठेवलं होतं, ते काही आत येण्यापुरतंच नव्हतं. बाहेर जायलाही तेच दार लागतं."

त्या रात्री नकाशा पुन्हा जमिनीवर पसरला गेला. बेत मात्र थोडा बदलला. फोर्ली शेवटी होते, ते आरंभी आले. कारण आजीला तेथे न दमता पोहोचावयाचे होते. तेथे दुपारची गाडी धरावयाची नाही, तर पुरा एक दिवस राहावयाचे, असे ठरले. फुले तेथेच घ्यावयाची, कारण ताजी हवीत. बरोबर न्यावयाच्या वस्तूंत ती पितळी चांदणी लिहिली गेली. परतीच्या वाटेवर कासिनो. तेथे घाडगे यांचे नाव शोधावयाचे. मोन्तोनेस सकाळी लवकर पोहोचावयाचे, म्हणजे सूर्यघड्याळाची सावली सरकताना पाहता येईल. एवढे सारे लिहून झाल्यावर थोरलीने विचारले, "आजी, तुझ्या वतीनं काही लिहायचं आहे का?"

"लिही," आजी म्हणाली. "निघण्याच्या आदल्या दिवशी खडकीला जायचं. त्या मुलाचा दगड पुसून यायचा. आपल्या माणसाचं कोणी परक्यानं केलं, तर त्यांच्या माणसाचं आपण करायला नको का?"

थोरलीने ते पहिल्या पानावर, सर्वांच्या वर लिहिले. तिचे लिहून होताच धाकट्याने वही आपल्याकडे घेतली. पहिल्या दिवशी त्याने घाईघाईने लिहिलेली यादी खालच्या कोपऱ्यात अजून तशीच होती. 'रणगाडे, तोफा, खंदक, बाँबचे खड्डे.' त्याने ती खोडली नाही. पण तिच्याखाली, आपल्या मोठ्या वाटोळ्या अक्षरांत, त्याने आणखी एक ओळ लिहिली:

'पुसायला स्वच्छ फडकी, दोन. एक खडकीसाठी, एक फोर्लीसाठी.'